कसेल त्याची जमीन; पण डोंगर कोणाचा?

जून महिन्याच्या उत्तरार्धात घाटमाथ्यावर पावसाने जोर धरला की दोन-तीन दिवसांतच पंचगंगेच्या पाण्याचा रंग पालटतो. नदीघाटावर नवे पाणी पाहायला कोल्हापूरकरांची गर्दी होते, राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी वृत्तपत्रांत येते आणि पेरणीच्या चिंतेत असलेला शेतकरी सुटकेचा निःश्वास टाकतो. या तांबूस पाण्याचे स्वागत करताना एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पाण्याला हा रंग देणारी माती कोठून सुटली? ती कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या खोऱ्यांतील डोंगरउतारांवरून आलेली असते. त्यांतील काही झीज निसर्गक्रमानेच होत असते हे खरे. परंतु उतारावरचे झाड, झुडूप आणि गवत काढून तेथे यंत्र फिरविले म्हणजे ती झीज निसर्गक्रमाची राहत नाही. समाजाने स्वीकारलेल्या एका अर्थव्यवस्थेची ती किंमत असते, आणि ही किंमत कोणाच्याही जमाखर्चात मांडली जात नाही.

कोल्हापूर जिल्ह्याची रचनाच अशी आहे की, शेतीविस्ताराचे सारे परिणाम येथे एका दृष्टिक्षेपात दिसावेत. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो; तेथून शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या शिरोळ तालुक्यात तो सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. पश्चिमेला शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड हे डोंगराळ तालुके. पूर्वेला कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी, खोल जमीन. आज पश्चिमेकडे वरकस जमीन, माळ आणि मालकीची वने मोडून नवे क्षेत्र लागवडीखाली आणले जात आहे. पूर्वेकडे मात्र एकेकाळी सोन्याच्या मोलाची मानलेली जमीन मीठ फुटून पडीक होत आहे. जमीन मिळविणे आणि जमीन गमावणे या दोन्ही क्रिया एकाच जिल्ह्यात एकाच वेळी चालू आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी बव्हंशी एकच पीक आहे: ऊस.

या प्रश्नाकडे पाहताना इतिहासाचे भान ठेवणे आवश्यक आहे. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गायराने व डोंगर बळकावणाऱ्या सरकारी जंगलखात्यावर कठोर टीका केली होती. त्याच ग्रंथात त्यांनी डोंगरावरचा पालापाचोळ्याचा कस पावसाबरोबर वाहून जाऊ नये, यासाठी जागोजाग ताली व बंधारे घालण्याचाही आग्रह धरला होता. डोंगर शेतकऱ्याच्या उपयोगी पडला पाहिजे आणि डोंगराची माती डोंगरावर राहिली पाहिजे, या दोन गोष्टींत फुल्यांना विरोध दिसला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. ते पूर्ण झालेले पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि धरण स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. दुष्काळाने गांजलेल्या रयतेला पाण्याची शाश्वती द्यावी, हा त्या धरणामागचा हेतू होता. पुढे नदीवर बरगे घालून पाणी अडविण्याची जी पद्धत रूढ झाली, ती तर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ याच नावाने देशभर ओळखली जाते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे ‘अधिक धान्य पिकवा’ ही घोषणा राष्ट्रीय कर्तव्य मानली गेली. पडीक जमीन आणि गायराने नांगराखाली आणणे हे तेव्हा उपासमारीविरुद्धच्या लढाईचे अंग होते. समाजवादी चळवळीनेही ती भूमिका मनापासून स्वीकारली. १९४८ च्या कूळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळाला मालकीचा मार्ग मोकळा केला. परंतु ज्याच्याजवळ कूळ म्हणूनही जमीन नव्हती त्याचे काय, हा प्रश्न उरलाच. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह आणि १९७० साली साम्यवादी व समाजवादी पक्षांनी केलेले भूमिमुक्ती आंदोलन यांची मागणी तीच होती: पडीक जमीन, गायराने आणि अतिरिक्त ठरलेली जमीन भूमिहीनांना द्या. त्या मागणीबद्दल आज खेद मानण्याचे कारण नाही. दोन-तीन एकरांत नाचणी, वरी किंवा भुईमूग पिकवून पोट भरू पाहणाऱ्या माणसाने सह्याद्री उजाड केला, असे म्हणणे ऐतिहासिक असत्य होईल.

मात्र त्या मागणीचा आधार घेऊन आज जे चालले आहे, त्याकडे डोळेझाक करणे हेही तितकेच असत्य आहे. पूर्वीचा वरकस शेतकरी डोंगरउतारावर काही वर्षे पीक घेई आणि मग जमीन विश्रांतीसाठी सोडून देई. त्या विश्रांतीत गवत, करवंदीच्या जाळ्या आणि झुडपे पुन्हा उभी राहत. बैल आणि कुदळ यांच्या मर्यादा हीच डोंगराची संरक्षक भिंत होती. आता जेसीबी व पोकलेन यांच्या साह्याने अख्खा उतार दोन-चार दिवसांत कापून सपाट करता येतो. नदीतून उचललेले पाणी पंपाने व पाईपलाईनने कैक पुरुष उंचीवर चढविता येते. एकदा पाणी वर पोहोचले की तेथे नाचणी राहत नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, गाळपाला जवळ कारखाना आहे, आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने उसाच्या मागणीला नवे बळ दिले आहे. नाचणीलाही केंद्र सरकार दरवर्षी आधारभूत किंमत जाहीर करते. पण त्या किमतीला ती विकत घेणारे केंद्र डोंगरातल्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नसेल, तर त्या घोषणेला काय अर्थ आहे? अशा स्थितीत शेतकऱ्याने डोंगरावर ऊस लावला, तर त्याला अविवेकी म्हणता येणार नाही. विवेकाचा अभाव आहे तो किंमत आणि पाणी यांच्या धोरणात.

या विस्ताराचे परिणाम मोजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गवत आणि झुडूप असलेला उतार पावसाचे पाणी अडवितो, मुरवितो आणि झऱ्यांच्या वाटे पावसाळ्यानंतरही ओढ्यांना पुरवितो. हे आच्छादन गेले म्हणजे पाणी मुरण्याऐवजी धावते. पावसाळ्यात लोंढा आणि उन्हाळ्यात टंचाई या वरकरणी विरुद्ध दिसणाऱ्या दोन आपत्ती एकाच कारणातून जन्म घेतात. धावणाऱ्या पाण्याबरोबर जी माती जाते, ती ओढ्यांत, बंधाऱ्यांच्या पोटात आणि धरणांच्या तळाशी बसते. राधानगरी धरणाची साठवणक्षमता ८ टीएमसीहून थोडी अधिक आणि दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाची सुमारे २५ टीएमसी आहे. साऱ्या जिल्ह्याचा ऊस या व अशा धरणांच्या पाण्यावर उभा आहे. वरच्या अंगाला उसासाठी डोंगर फोडायचा आणि त्याच डोंगराच्या मातीने खालच्या उसाचे पाणी साठविण्याची जागा भरून टाकायची, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

दुसरा परिणाम वन्य प्राण्यांचा आहे आणि तो आता थेट शेतकऱ्याच्या दारात आला आहे. दाजीपूरचे अभयारण्य गव्यांसाठी १९५८ साली स्थापन झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले, आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश केला. परंतु गवा नकाशावरची सीमारेषा ओळखत नाही. अभयारण्याबाहेरची मालकीची वने आणि गवताळ माळ हीच त्याची ये-जा करण्याची वाट होती. ती मोडली आणि तेथे बारमाही हिरवा, गोड ऊस उभा राहिला, तेव्हा गव्यांनी उसात शिरावे यात नवल ते काय? २०२१ च्या डिसेंबरात गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते. आजरा-चंदगडचा शेतकरी कर्नाटकातून आलेल्या हत्तींमुळे गेली दोन दशके हैराण आहे. रात्रभर मचाणावर बसून राखण करणाऱ्या त्या शेतकऱ्याला वन्यजीवप्रेमाचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. त्याचबरोबर, प्राण्यांच्या वाटा कोणत्या धोरणाने बंद केल्या हे त्याच्यापासून दडवून ठेवणे, ही त्याची फसवणूकच होय.

सर्वांत कमी बोलले जाते ते गायरानांबद्दल आणि डोंगरातील धनगरवाड्यांबद्दल. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड या तालुक्यांत म्हशी पाळून पोट भरणारी धनगर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या माळावरच्या गवतावर जगत आली. सातबाऱ्यावर त्यांचे नाव क्वचितच असते. त्यांचा हक्क वहिवाटीचा असतो. माळाला कुंपण पडले की सरपण, चारा आणि पाणवठा ही तिन्ही एकदम तुटतात, आणि त्याचा पहिला बोजा बायकांच्या डोक्यावर येतो. सपाटीवरच्या भूमिहीनाचीही गत वेगळी नाही. त्याच्या शेळीला चरायला गायरान उरले नाही, आणि उसाचे वाडे मिळविण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या फडात राबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे आदेश दिले. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात नोटिसा निघाल्या, तेव्हा भीती कोणाच्या उंबरठ्यावर प्रथम पोहोचली? गायरानाच्या कडेला दोन खोल्या बांधून राहणाऱ्या गरिबाच्या. घर बांधून राहणारा भूमिहीन आणि गायरानाचा तुकडा आपल्या शेताला जोडून घेणारा बागायतदार या दोघांना ‘अतिक्रमणकर्ता’ या एकाच शब्दाने संबोधणे हा न्याय नव्हे.

आता पूर्वेकडे वळावे. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे पाटाने भरपूर पाणी दिले गेले. निचरा कमी असलेल्या या जमिनीत पाण्याची पातळी वर येते. पाण्याबरोबर विरघळलेले क्षार पृष्ठभागाकडे चढतात, आणि पाण्याची वाफ झाली म्हणजे मागे पांढरा थर उरतो. उसाचे उत्पादन आधी घटते, मग ऊस उगवेनासा होतो आणि अखेरीस त्या शेतात लव्हाळ्याखेरीज काही राहत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा करण्याचा मार्ग आहे. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी जमीन पुन्हा पिकाखाली आणली, ही गोष्ट कौतुकास्पद आहे. पण हा उपाय एकट्या-दुकट्याच्या ऐपतीचा नाही. शेजाऱ्याच्या शेतातून निचऱ्याचे पाणी पुढे जाऊ दिले नाही, तर पाईप घालूनही उपयोग होत नाही. लहान शेतकऱ्यासाठी क्षारपड म्हणजे कर्ज तसेच आणि जमीन मेलेली, अशी दुहेरी शिक्षा ठरते.

आणि मग येतो पूर. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांचे महापूर जिल्हा विसरू शकत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. या महापुरांचे सारे खापर डोंगरावरच्या शेतीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. अल्पावधीत कोसळलेला विलक्षण पाऊस, धरणांतील विसर्गाचे नियोजन, पूररेषेतील बांधकामे, नदीवरचे भराव अशी अनेक कारणे त्यामागे आहेत आणि अलमट्टीच्या फुगवट्याचा वाद तर दोन राज्यांत चालूच आहे. परंतु अलमट्टीकडे बोट दाखविताना आपल्याच खोऱ्यातील उघड्या उतारांचा आणि ओढ्यानाल्यांच्या पोटात शिरलेल्या शेतांचा विसर पडू देणे सोयीचे असले, तरी प्रामाणिकपणाचे नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे हिशेबाच्या पद्धतीचाच प्रश्न आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या अभ्यासात सिंचनाचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ कसे मोजावेत, याचा वस्तुपाठ घालून दिला. कालव्याचे मोल केवळ पाणीपट्टीच्या वसुलीवरून ठरवू नये, त्यामुळे समाजात निर्माण होणारी एकूण संपत्ती पाहावी, ही त्यामागची दृष्टी होती. ती योग्यच होती. पण अप्रत्यक्ष लाभ मोजायचे असतील, तर अप्रत्यक्ष हानीही मोजली पाहिजे. क्षारपड झालेले एकर, गाळाने भरलेला साठा, आटलेले झरे, बुडालेली चराई, पुराचे नुकसान, आणि २०१२ साली इचलकरंजीत पसरलेल्या काविळीच्या साथीसारखी दूषित पाण्याची किंमत या साऱ्या रकमा खर्चाच्या रकान्यात मांडल्या, तर डोंगरावर नव्याने लावलेल्या उसाच्या एकराचा नफा किती उरेल? नफा एकाच्या खात्यावर आणि तोटा साऱ्या खोऱ्याच्या माथी, ही भांडवलशाहीची जुनीच रीत आहे. ती सहकाराच्या नावाने चालली म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही.

अर्थात, केवळ भांडवलशाहीकडे बोट दाखवूनही सुटका नाही. सोव्हिएत संघात १९५४ साली ख्रुश्चेव्ह यांनी कझाकस्तान व सैबेरियातील गवताळ प्रदेश नांगराखाली आणण्याची प्रचंड मोहीम सुरू केली. आरंभीची काही वर्षे विक्रमी पीक आले. १९६० नंतर धुळीच्या वादळांनी तीच जमीन उडवून नेली. कापसाच्या शेतीसाठी नद्या वळविल्यामुळे अरल समुद्र आटला. तेथे खाजगी मालक नव्हता, तरी उत्पादनाचा आकडा हेच दैवत होते आणि स्थानिक माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नव्हता. मालकी बदलणे आवश्यक आहे. पण पुरेसे नाही, हा धडा समाजवाद्यांनी स्वतःपुरता तरी पक्का केला पाहिजे.

नेमका हा अधिकाराचा मुद्दा पश्चिम घाटाच्या वादात हरवला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला. त्यात कोठे काय करावे याचा निर्णय ग्रामसभांच्या चर्चेतून व्हावा असा आग्रह होता. तो बाजूला सारून कस्तुरीरंगन समितीचा अहवाल २०१३ साली आला. त्यानंतर २०१४ च्या मार्चपासून २०२४ च्या जुलैपर्यंत केंद्र सरकारने संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले; शेवटच्या मसुद्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होते. या दहा वर्षांत गावोगाव काय सांगितले गेले? ‘तुमची चूल बंद होणार, शेतात कुदळ मारता येणार नाही.’ ही भीती पसरविण्यात ज्यांचा हितसंबंध खाणींत आणि जमीनखरेदीत गुंतलेला होता, ते सर्वांत पुढे होते. परंतु त्या प्रचाराला उत्तर द्यायला शहरातले पर्यावरणवादी गावात गेले नाहीत, आणि डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांनीही बरेचदा मौन पाळले. लोकांना विश्वासात न घेता काढलेला आदेश, मग तो कितीही शास्त्रशुद्ध असो, लोक झुगारून देतात. वनखात्याचा शंभर वर्षांचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांनी तो झुगारावा यात आश्चर्य नाही.

मग मार्ग कोणता? तो महाराष्ट्रातच दाखविला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही, ही त्याची सूत्रे होती. सांगली जिल्ह्यातील तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण उभारून समन्यायी पाणीवाटपाचे तेच तत्त्व पुढे नेले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून, गाव स्वतः जंगल राखू शकते हे सिद्ध केले.

कोल्हापुरात या तिन्ही सूत्रांची सांगड घालता येईल. नव्या उपसा योजनांचे पाणी माणशी वाटले जावे आणि विशिष्ट उताराच्या वर त्यावर ऊस घेण्यास मनाई असावी. नाचणी, वरी, कडधान्ये आणि आजऱ्याच्या घनसाळसारख्या भाताला नुसती किंमत जाहीर न करता तालुक्यात खरेदीकेंद्र उघडून ती प्रत्यक्ष द्यावी. रेशन दुकान आणि अंगणवाडी हीच त्या धान्याची हक्काची बाजारपेठ होऊ शकते. ज्याच्या मालकीचे वन आहे त्याने ते राखले, तर खालच्या खोऱ्याला मिळणाऱ्या पाण्याचा मोबदला म्हणून त्याला वार्षिक भत्ता मिळावा, आणि त्यासाठी गाळप होणाऱ्या प्रत्येक टन उसावर अल्प उपकर बसवावा. त्याच निधीतून लहान शेतकऱ्यांच्या क्षारपड जमिनींचा निचरा करावा. गायराने मोजून त्यांच्या सीमा ग्रामसभेच्या हवाली कराव्यात. बेघराच्या घराला संरक्षण द्यावे, बागायतदाराने जोडून घेतलेला तुकडा मात्र परत घ्यावा. धनगरवाड्यांचे चराईचे सामूहिक हक्क वनहक्क कायद्याखाली विनाविलंब नोंदले जावेत.

यांपैकी एकही मागणी साखर कारखानदारीच्या राजकारणाला रुचणारी नाही. उपकराचे नाव काढताच शेतकरीहिताचा गजर सुरू होईल, आणि तो करणाऱ्यांत शेतकऱ्यापेक्षा कारखान्यांचे संचालक अधिक असतील. समाजवादी कार्यकर्त्यांपुढचे काम म्हणूनच दुहेरी आहे. डोंगरातल्या शेतकऱ्याशी बोलताना त्याच्या मिळकतीची हमी आधी मागायची, आणि त्याच बैठकीत उताराला हात लावू नये हेही स्पष्ट शब्दांत सांगायचे. दोन्हींपैकी एकच सांगणे सोपे असते. आजवर बहुधा तेच झाले.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्यांनी दिली, त्यांना कसणे म्हणजे जमीन राखणे हे वेगळे सांगावे लागत नव्हते. आता ते सांगावे लागेल. शेत कसणाऱ्याचे असावे यात शंका नाही. डोंगर मात्र त्यावर चरणाऱ्या म्हशीच्या धन्याचा आहे, त्याच्या झऱ्यावर घागर भरणाऱ्या बाईचा आहे आणि नदीच्या टोकाला नृसिंहवाडीपाशी पुराचे पाणी ओसरण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचाही आहे. पुढच्या जूनमध्ये पंचगंगेला पुन्हा तांबूस पाणी येईल. तोवर किमान एका तालुक्यातील ग्रामसभांनी आपल्या उतारांची आणि गायरानांची मोजणी स्वतः करून घ्यावी, एवढे काम पक्षाच्या शाखांनी अंगावर घ्यावे.